कार्बन कुणाचा?

टू-स्ट्रोकचा जमाना संपला, असं शहरात म्हणतात. रस्त्यापुरतं ते खरं आहे. नांदेड जिल्ह्यातल्या भोकरच्या बाजारात आता एम-80 दिसलीच तर एखाद्या दूधवाल्याची, आणि कुणी जुनी चेतक घेऊन आला तर टपरीवरचे दोघं-तिघं उठून ‘विकायची का?’ म्हणून विचारतात. पण तेच इंजिन आकसून शेतकऱ्याच्या पाठीवर जाऊन बसलंय. कपाशीवर फवारायचा पेट्रोल पंप, बांधावरचं गवत कापायचं ब्रश कटर, बाभळी तोडायची चेन सॉ, यातली बरीचशी यंत्रं अजून टू-स्ट्रोकवरच चालतात. मृगापासून दसऱ्यापर्यंत ती सगळी एकदमच कामाला लागतात आणि एकदमच बसतात. तक्रारही ठरलेली: “चालू होतंय, पण ओढत नाही.”

नांदेडहून भैंसा-निर्मलकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक पत्र्याचं दुकान आहे. पुढच्या बाजूला भाचा शेतीची अवजारं विकतो, मागच्या बाजूला मामा ती दुरुस्त करतात. मामांचा हात लुना, राजदूत आणि चेतकवर बसलेला. भाचा आयटीआय झालेला, कंपनीच्या ट्रेनिंगला जाऊन आलेला. वरच्या तक्रारीवर दोघांची मतं इतकी वेगळी, की गिऱ्हाईक पुढच्या दारानं आलं तर एक सल्ला मिळतो आणि मागच्या दारानं आलं तर दुसरा. पोळ्याच्या आधी, फवारणीची घाई ऐन भरात असताना, तिथं बसून दोन्ही सल्ले ऐकले. ते जसे ऐकले तसे लिहितो. मधेमधे माझं मत घुसेल, त्याला इलाज नाही.

मामांनी एका पंपाचा सायलेन्सर काढून ठेवला होता. सिलिंडरमधून धूर बाहेर पडायचं जे तोंड असतं, एक्झॉस्ट पोर्ट, ते त्यांनी टॉर्चच्या उजेडात दाखवलं. आतून काळा, चकचकीत थर चारी बाजूंनी वाढत आला होता आणि तोंड निम्म्यावर आलं होतं.

“हे बघा,” मामा म्हणाले. “कुणी सांगितलं कार्बोरेटर गेलाय, कुणी सांगितलं प्लग बदला. दोन प्लग बदलून झालेत. मंग माझ्याकडं आणलं. आतला धूर बाहेर जाईना तर नवं पेट्रोल आत येईल कस्काय?”

फोर-स्ट्रोकमध्ये ऑईल खाली वेगळं राहतं आणि धुराची वाट व्हॉल्व्ह उघडतात. साध्या टू-स्ट्रोकला असे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच वाटा कोरलेल्या असतात, आणि पिस्टन वर-खाली होताना त्याच वाटा झाकतो, उघडतो. वंगणाचं ऑईल पेट्रोलमध्येच कालवलेलं असतं. ते क्रँकमधून फिरून वर येतं आणि पेट्रोलबरोबर जळतं, निदान जळावं अशी अपेक्षा असते. जड ऑईल काही सगळं जळत नाही. उरलेलं पोर्टच्या कडेला, सायलेन्सरच्या तोंडाशी, पिस्टनच्या माथ्यावर आणि रिंगच्या खाचेत बसतं, तिथंच भाजून घट्ट होतं. पोर्ट आखडला की जळका धूर आतच अडकतो, ताज्या मिश्रणाला जागा उरत नाही आणि इंजिन एक फेरा सोडून एक पेटायला लागतं. ऐकणारा म्हणतो मिसिंग आहे, आणि प्लग आणायला निघतो.

भाचा पुढून ओरडला, “मामा, तोंड मोकळं करून देताव तुमी, आणि महिन्यानं तोच पंप परत दारात. कार्बन काढणं म्हणजे दुरुस्ती नाई. कार्बन होतोय कामून, ते बघायला पाहिजे.”

“होतोय म्हणून तर आपलं दुकान चालतंय,” मामा म्हणाले आणि बांबूची कामटी उचलली.

ही कामटी म्हणजे मामांचं खरं हत्यार. एका बाजूनं छिलून पातळ केलेली, टोकाला तिरकी. आधी त्यांनी प्लग काढला. मग दोरी हळूहळू ओढत पिस्टन अगदी वर आणला. पिस्टन वर असला की त्याची बाजू पोर्टला आतून झाकते आणि खरवडलेला कचरा सिलिंडरमध्ये पडत नाही. मग पंप असा कलता धरला की पोर्ट जमिनीकडे यावा, आणि कामटीनं कडेकडेनं खरवडायला सुरुवात केली. पहिल्यांदा भुकटी पडली, नंतर खपल्या. प्रत्येक खपलीनंतर फुंकर. पेचकसाला त्यांनी हात लावला नाही, आणि लावणाऱ्या पोरांबद्दल जे बोलले ते छापण्यासारखं नाही. लोखंडाच्या टोकानं ॲल्युमिनियमवर एक चरा पडला, की पुढचा कार्बन धरायला तीच जागा. आणि तो चरा पिस्टनच्या अंगावर किंवा रिंगवर पडला तर कॉम्प्रेशनच गेलं. शेवटी प्लग न लावता त्यांनी दोरी सहा-सात वेळा झटकन ओढली. आत चुकून राहिलेला कण हवेबरोबर बाहेर आला.

हे बघताना भाचाही पुढचं काउंटर सोडून आला होता. कामटीबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं. त्याचा आक्षेप याच्या पुढच्या पायरीला होता.

“आता विचारा त्यांना, सिलिंडर उचलणार का म्हणून.”

“उचलावा लागंल. रिंग चिकटल्यात. दोरी ओढताना कळतंय की, दम नाई.”

“मामा, ही चेतक नाई.”

या एका वाक्यात भाच्याचा अर्धा युक्तिवाद येतो, आणि तो बिनतोड आहे. मामांची पिढी ज्या इंजिनांवर शिकली त्यांचे बोअर बिडाचे. 1972 साली बजाजनं चेतक आणली, त्याच वर्षी नगरच्या कायनेटिकनं लुना, मग 1986 मध्ये एम-80. या गाड्या मराठवाड्यात आल्या आणि त्यांच्यामागून गावोगाव मिस्त्री तयार झाले. हेड खोला, कार्बन काढा, बोअर झिजला असेल तर लेथवर नेऊन वाढवून आणा, ओव्हरसाईज पिस्टन टाका. इंजिन दर खेपेला थोडं मोठं व्हायचं, पण मरायचं नाही. पाठीवरच्या पंपाचं तसं नाही. बहुतेक लहान इंजिनांत हेड आणि सिलिंडर एकाच ओतकामात असतं, त्यामुळे नुसतं हेड खोलायची सोयच नाही. अख्खा सिलिंडर खालच्या गॅस्केटपासून उचलायचा. आणि आतली भिंत ॲल्युमिनियमवर चढवलेल्या पातळ क्रोमची. ती खरवडली गेली तर लेथवाला काही करू शकत नाही. नवीन सिलिंडर, नवीन पिस्टन.

“म्हणून म्हणतो, उघडूच नका,” भाचा सांगू लागला. “ऑईल चांगलं टाका, मोजून टाका, एअर फिल्टर धुवा. अर्ध्या थ्रॉटलवर दिवसभर घुरघुरत ठेवू नका. टाकी भरताना पाच-पाच मिनिटं रिकामा चालू ठेवतात, तेव्हा इंजिन पुरतं तापत नाई आणि ऑईल कच्चं राहतंय. एवढं केलं तर दोन-तीन हंगाम सिलिंडरला हात लावायची गरज नाई. बाटलीवर लिहिलेलं असतंय सगळं.”

बाटलीवर खरंच लिहिलेलं असतं. त्यानं एक उचलून दाखवली. टू-स्ट्रोकच्या ऑईलला जपानी मानकाची श्रेणी असते: एफबी, एफसी, एफडी. एफसीपासून धूर कमी, आणि एफडीमध्ये आतला भाग स्वच्छ ठेवायचा गुण सगळ्यांत जास्त. प्रमाण यंत्रागणिक बदलतं. कित्येक फवारणी पंपांना 25 ला 1 सांगतात, म्हणजे लिटरभर पेट्रोलला 40 मिली. काही ब्रश कटरना चांगल्या ऑईलवर 50 ला 1, म्हणजे 20 मिली. भाच्याचं म्हणणं, आलेल्या दहातल्या सात-आठ पंपांत ऑईल दुपटीनं असतं, आणि राहिलेल्यांत ते टू-स्ट्रोकचं नसतंच. ट्रॅक्टरचं काढलेलं काळं ऑईल असतं. “इंजिन ऑईलमध्ये धातूची रसायनं असतात. ती जळत नाईत, राख होतात. मग पोर्टमध्ये जे बसतंय ते कामटीनं निघत नाई.”

मामा शांतपणे रिंगची खाच साफ करत होते. एव्हाना त्यांनी सिलिंडर उचललाच होता, वाद संपायची वाट न बघता. जुनी तुटकी रिंग, तिचं टोक कानशीनं चौकोनी केलेलं. खाचेला नेमकी तेवढीच रुंदी लागते आणि ती रुंदी रिंगच्या तुकड्याकडेच असते. बाजारात यासाठी वेगळं हत्यार मिळतं म्हणे. मला त्या तुकड्यापेक्षा नेमकं काही सुचत नाही. खाचेत एक बारीक पिन होती, ती त्यांनी मला बोटानं चाचपायला लावली. रिंगची दोन टोकं त्या पिनेशीच यायला हवीत. टू-स्ट्रोकमध्ये रिंग गोल फिरली आणि तिचं टोक पोर्टच्या तोंडात अडकलं, तर रिंग मोडते आणि सिलिंडरही घेऊन जाते. पिस्टनच्या माथ्यावर मात्र पातळ, एकसारखा तपकिरी थर होता, तो त्यांनी तसाच ठेवला. “ते राहू दे. ते काय त्रास देईना.”

मग ते भाच्याकडे वळले.

“तू कमी ऑईल टाक म्हणून सांगायलास. शेतकरी काय ऐकतो माहीत हाय का? ‘कमी.’ तुझे वीस आन् चाळीस त्याच्या ध्यानात राहत नाईत. पुढच्या खेपेला तो दहा टाकतो. चार टाक्या मारतो आन् पिस्टन सीझ. कार्बन झाला तर माझी तासाभराची मजुरी. सीझ झालं तर अर्ध्या पंपाचे पैसे. मंग सांग, शेतकऱ्याचं नुकसान कशात हाय?”

“म्हणून जास्त टाकू द्यायचं?”

“म्हणून मी जास्तीला नाव ठेवत नाई. जास्तीनं मशीन बसतंय. कमीनं मरतंय.”

भाच्याला याचं उत्तर लगेच देता आलं नाही. मलाही पटलं, पण अर्धंच. मामांच्या बाजूनं एक गोष्ट पक्की आहे: कार्बनचं नुकसान उलटवता येतं. पण रिंग खाचेत चिकटली की जळता वायू तिच्या बाजूनं खाली निसटतो, पिस्टन भाजतो, आणि तोही सीझच होतो, फक्त उशिरा. जास्त ऑईल हा सुरक्षित मार्ग आहे हे म्हणणं चेतकच्या काळातलं आहे; तेव्हा लेथवाला पाठीशी होता.

खरी मेख भाच्याच्या बोलण्यातून नंतर निघाली, आणि त्याला ती मेख आहे हे माहीतही नव्हतं. तो म्हणाला, “मी विकताना मालकाला दहा वेळा समजावून सांगतो. वहीवर सही घेतो.”

“आन् पेट्रोल कोण कालवतं?” मामांनी विचारलं.

“मालक.”

“मालक भोकरात ऱ्हातो. कालवतो सालगडी. फवारतो रोजानं आणलेला माणूस. त्याला पंप नवा का जुना हेच माहीत नसतंय. मोजतो कशानं? औषधाच्या टोपणानं. कुठलं टोपण धाचं, कुठलं तिसाचं.”

यंत्राची पुस्तिका असं गृहीत धरते की घेणारा, कालवणारा, चालवणारा आणि धुऊन ठेवणारा माणूस एकच. परसातलं गवत कापणाऱ्या जपानी किंवा जर्मन घरमालकाचं तसं असेलही. इथं ही चार माणसं आहेत, आणि ज्याला माहिती दिली जाते त्याच्या हातात ऑईलची बाटली कधीच नसते. आरएक्स-100 किंवा कायनेटिक होंडा या गाड्यांत ऑईलची टाकी वेगळी होती. इंजिनातला छोटा पंप थ्रॉटलच्या हिशोबानं ऑईल सोडायचा, त्यामुळे मिश्रण कुणाच्या अंदाजावर नव्हतं. पाठीवरच्या पंपात वजन आणि किंमत वाचवायला ती सोय ठेवत नाहीत. तो हिशोब माणसावर आला, आणि माणूस रोज बदलतो.

सायलेन्सरवरून मात्र भाच्यानं मामांना गप्प केलं. मामांची पद्धत जुनी: पऱ्हाटीचा जाळ करायचा, सायलेन्सर लाल होईपर्यंत त्यात ठेवायचा, थंड झाला की लाकडाच्या ठोकळ्यावर आपटायचा. राजदूतचा सायलेन्सर असा जाळला की ओंजळभर काजळी निघायची, आणि गाडी परत पहिल्यासारखी पळायची. त्यात खोटं काही नाही. आत साठलेलं ऑईल आणि कार्बन जळून जायला ती उष्णता पुरते.

“राजदूतवर कुणी औषध मारत नव्हतं, मामा,” भाचा म्हणाला. “ह्याच्यावर आठ-आठ औषधं सांडून वाळलेली असतात. तुमी जाळताव आणि धुराकडं तोंड करून बसताव.”

2017 च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी आणि मजूर गेले. भोकर तिथून फार लांब नाही आणि पीकही तेच. तेव्हापासून फवारणाऱ्याच्या मास्क-मोज्यांवर बरंच बोललं गेलं. पंप दुरुस्त करणाऱ्याच्या हातांवर कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. भाच्याचा नियम असा: पंप आत घ्यायच्या आधी साबणाच्या पाण्यानं बाहेरून धुवायचा, टाकी धुवायची, रबरी मोजे घालायचे, आणि मगच पाना. घरच्या चुलीत तर सायलेन्सर कधीच नाही. एकानं तो खरंच चुलीत ठेवला होता, त्यावर दुपारी भाकरी झाली.

जाळण्याऐवजी भाचा कॉस्टिक सोडा वापरतो. पत्र्याचा सायलेन्सर सोड्याच्या पाण्यात रात्रभर, सकाळी भरपूर धुवायचा. इथं मामांना परतफेडीची संधी मिळाली. “सांग त्यांना त्या सिलिंडरचं.” भाचा हसला. दुकानातल्या एका नव्या पोरानं सायलेन्सरसोबत सिलिंडरही त्याच बादलीत टाकला होता. ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातं, नुसतं खात नाही तर हायड्रोजन वायू सुटतो. पोरगं बादलीतले बुडबुडे बघून खूष, कार्बन निघायलाय म्हणून. निघत होता तो सिलिंडर.

पेट्रोलवर दोघांचं एकमत व्हावं असं मला वाटलं होतं, तेही झालं नाही. मामा सगळा दोष इथेनॉलवर टाकतात. “वीस टक्के मिसळायला लागल्यापासून कार्बन वाढला.” भाचा म्हणतो, इथेनॉल उलट स्वच्छ जळतं, काजळी कमी करतं. त्याचा उपद्रव वेगळा आहे. ते हवेतलं पाणी ओढतं. हंगाम संपल्यावर टाकीत तसंच राहिलेलं मिश्रण मृगापर्यंत दोन थरांत फुटतं, खाली पाणी आणि इथेनॉल, वर पेट्रोल आणि ऑईल. पहिल्या दोरीला इंजिनात जातं ते खालचं, ज्यात ऑईलच नाही. शिवाय कार्बोरेटरमधला रबरी पडदा कडक होतो तो वेगळाच. मला इथं भाचा बरोबर वाटतो. पण मामांच्या उपायात कुठं चूक काढणार? ते प्रत्येकाला सांगतात, शेवटची फवारणी झाली की टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटर सुकेपर्यंत इंजिन चालू ठेवा. कारण चुकीचं धरूनही उपाय बरोबर निघाला.

राहिला तो मूळ वाद, काढायचा की होऊ द्यायचा नाही. दोघांनी एका गोष्टीकडे लक्ष दिलं असतं तर तो इतका लांबला नसता, आणि ती दोघांनाही येते. खरवडलेला कार्बन दोन बोटांत चोळून बघितला की बरंचसं कळतं. ओला, चिकट, बोटाला तेलकट लागणारा असेल तर ऑईल जास्त किंवा इंजिन सदा अर्ध्या थ्रॉटलवर. कोरडी, मऊ काजळी असेल तर ऑईलचा दोष नाही. एअर फिल्टर बुजलाय किंवा चोक अर्धा ओढलेलाच राहिलाय, पेट्रोल जास्त जातंय. खडकासारखा, करडा, कामटीला दाद न देणारा असेल तर काळं ऑईल. मामा हे चोळून बघतात आणि हात पुसून टाकतात. गिऱ्हाईकाला सांगत नाहीत. भाचा सांगतो सगळं, पण चोळून बघत नाही. वहीतून पाठ केलेली तीन कारणं सगळ्यांना सांगतो.

त्या दिवशीचा कार्बन ओला होता. सिलिंडर परत बसवताना मामांनी रिंगा दाबून धरल्या आणि भाच्यानं वरून सिलिंडर उतरवला. त्या कामाला चार हात लागतात, तेवढा वेळ वाद थांबला. नवी रिंग टाकायची की जुनी चालेल यावरून तो लगेच पुन्हा सुरू झाला. जुनी टाकली. दोरी ओढल्यावर आता बोटांना झटका बसत होता.

पंपाचा मालक मोटरसायकलवर आला, त्याच्या मागं सालगडी बसलेला. मामांनी एक रिकामी पाण्याची बाटली उचलली, तिच्यावर खिळ्यानं दोन रेघा ओढल्या. “पहिल्या रेघेपर्यंत ऑईल, दुसरीपर्यंत पेट्रोल. वाचता येवो न येवो.”

“पाण्याच्या बाटलीत पेट्रोल?” भाचा भडकला. “भर उन्हात रानात? कुणी तोंडाला लावलं म्हणजे? मालक, पंपासोबत मिक्सिंगची बाटली दिली होती, खुणा केलेली. ती कुठंय?”

मालक सालगड्याकडे बघायला लागला. सालगडी म्हणाला, “ती वैनीनं देवाच्या तेलाला घेतली.”

भाच्यानं डोक्याला हात लावला, मग आत जाऊन दुसरी आणली. मालकानं हात पुढं केला होता. मामांनी ती मधेच घेतली आणि सालगड्याला दिली.

“अन् टोपण सुतळीनं बांधून ठेव तिलाच,” ते म्हणाले, “नाईतर औषधाचं लावशील.”